साखरेची सुई ओसरीत, आणि पोराची सुई दार लावून?



पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा. दोन वर्षं मनात होती. आमच्या घरातलं यात आहे, म्हणून हिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा, पण पचपचीत लिहू नका." म्हणून सरळ लिहितोय.

निमित्त असं झालं. गेल्या आठवड्यात टेंभुर्णी रोडला चहाला थांबलो होतो. शेजारी चौघं बसलेली, सगळी ओळखीची. विषय गावातल्याच एका जोडप्याचा. "रात्री दार लावून इंजेक्शनं बनवतात म्हणं. नवरा सुई टोचतो तिला. काय औषध आहे का नशापाणी, कुणाला ठाऊक." मग एकजण म्हणाला, "असं सुया टोचून पोरं होत असती तर काय पाहिजे होतं." आणि सगळे हसले. मी चहाचे पैसे देऊन उठलो. तिथं बोललो नाही ही माझी चूक. ती आज दुरुस्त करतोय.

दार लावून आम्हीही इंजेक्शनं बनवली आहेत. अकरा दिवस, रोज रात्री साडेआठला. मी बनवली आणि मीच दिली. आता हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा.

ती इंजेक्शनं कसली, ते आधी सांगतो. बाईच्या अंगात दर महिन्याला साधारण एक बीज पिकतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, म्हणजे आयव्हीएफमध्ये, एकापेक्षा जास्त बीजं पिकावी लागतात. त्यासाठी आठ ते बारा दिवस रोज ठरल्या वेळी हार्मोनचं इंजेक्शन द्यावं लागतं. काही औषधं पेनात भरून तयार येतात, ती महाग पडतात. आपल्यासारख्यांना बऱ्याचदा मिळते ती पावडरची बाटली आणि सोबत पातळ औषधाची काचेची कुपी. कुपी फोडायची, पातळ औषध सिरिंजमध्ये ओढायचं, पावडरच्या बाटलीत सोडायचं, विरघळलं की परत ओढायचं, सुई बदलायची आणि बेंबीच्या खाली पोटाची कातडी चिमटीत धरून बारीक सुईनं द्यायचं. नशा नाही, जादू नाही. बाटलीतलं हार्मोन आपल्या आयाबायांच्या अंगात असतंच. पाळी गेल्यावर ते अंगात वाढतं आणि लघवीतून बाहेर पडतं. हे औषध पहिल्यांदा इटलीत बनलं ते वयस्कर जोगिणींनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती मठांतल्या नन्सनी, दिलेल्या लघवीतूनच. त्या औषधानं पहिलं मूल १९६२ साली जन्मलं. साठ वर्षं जुनी गोष्ट आहे, आणि आपल्या चहाच्या टपरीवर अजून कुजबुज चालू आहे.

आता आमची पहिली रात्र सांगतो, कारण माझा खरा राग तिथं आहे.

ज्या सेंटरला आम्ही गेलो, त्याचं नाव लिहीत नाही. बिल भरून झाल्यावर हातात पिशवी दिली. त्यात बाटल्या, कुप्या, सिरिंजा, दोन जातीच्या सुया आणि इंग्रजीतला एक कागद. तिथल्या मुलीनं दोन मिनिटांत सगळं हवेत करून दाखवलं. मी म्हटलं, "ताई, एकदा माझ्या हातानं करू द्या." ती म्हणाली, "दादा, बाहेर पेशंट आहेत, मोबाईलवर व्हिडिओ असतात, बघा." इंजेक्शनांचंच बिल चाळीस हजारांच्या पुढं गेलं होतं, आणि शिकवायला दोन मिनिटं.

रात्री साडेआठला नेमकी लाईट गेली. मोबाईलची बॅटरी आईच्या हातात दिली. पातळ औषध पावडरीत सोडलं आणि फवारणीची बाटली हलवतो तसं जोरात हलवलं. सगळा फेस झाला. सिरिंजमध्ये औषध कमी आणि हवाच जास्त. हात थरथरायला लागले. सेंटरचा नंबर लावला, कुणी उचलला नाही. फेस बसायची वाट बघत पाऊण तास तिघंही गप्प बसून होतो. शेवटी जेवढं आलं तेवढं दिलं. ती रडली. सुईला घाबरून नाही रडली. आजचा डोस वाया गेला, आता महिनाच वाया गेला, असं वाटून रडली. दुसऱ्या दिवशी पंढरपुरात नर्स असलेल्या माझ्या मामेबहिणीनं फोनवर सांगितलं, "दादा, ते कधी जोरात हलवायचं नसतं. अलगद गोल फिरवायचं, नाहीतर दोन तळहातांत घोळवायचं." एवढंच वाक्य. हे एक वाक्य चाळीस हजारांत बसलं नव्हतं.

मंडळी, आता मी काय बोलतो ते नीट ऐका. आम्ही द्राक्षवाले आहोत. जीए कसं बनवायचं हे आपल्या गावात दहावी नापास पोरालाही येतं. पावडर आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची, मग पाण्यात टाकायची, पाण्याचा सामू बघायचा, पीपीएमचा हिशेब करायचा, घडाची अवस्था बघून वेळ पकडायची. एक ग्रॅम इकडंतिकडं झालं तर बागेचं वाटोळं. हे आपल्याला आलं कसं? कारण कंपनीची माणसं, सल्लागार बांधावर येऊन शिकवून गेली. मराठीत कागद दिले. रात्री अकराला फोन केला तरी उचलला. म्हणजे खेड्यातल्या माणसाला मोजून मापून औषध बनवता येत नाही, हे खोटं आहे. द्राक्षाच्या घडाला शिकवणारा भेटतो, बाईच्या पोटाला भेटत नाही, एवढंच खरं आहे.

आणि गायीचं बघा. गाय माजावर आली की फोन करायचा, माणूस नायट्रोजनचा कॅन घेऊन गोठ्यात हजर. चांगलंच आहे, माझ्याही दावणीला चार आहेत. पण गायीसाठी सेवा दारात येते आणि बाईनं मात्र सोलापूर नाहीतर पुणे गाठायचं, तेही तोंड लपवून, "नातेवाईकांकडं चाललोय" असं सांगून. याची लाज कुणाला वाटायला पाहिजे, तिला की आपल्याला?

तिसरी गोष्ट साखरेची. गावात कितीतरी घरांत आजोबा ओसरीवर बसून पोटात इन्सुलिन घेतात. नातवंडं समोर खेळत असतात. कुणी दार लावत नाही, कुणी हसत नाही. तीच जागा, तशीच बारीक सुई. मग एक सुई उघड्यावर आणि दुसरी चोरून, असं का? कारण साखर झाली तर नशीब, आणि मूल झालं नाही तर बाईचा दोष, हे डोक्यात पक्कं बसलंय.

त्या डोक्यासाठी एक माहिती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जाहीर केलं की जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडंही कारण सापडतं. तरी आपल्याकडं पहिली तपासणी बाईची, दुसरीही बाईची, तिसरा नंबर एखाद्या बाबाच्या अंगाऱ्याचा आणि मग कधीतरी नवऱ्याची. साधी वीर्यतपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी, तीच सगळ्यात शेवटी. माझी आधी केली असती तर आमची तीन वर्षं वाचली असती. हो, कारण माझ्याकडं होतं. लिहिलं बघा.

आता काहीजण म्हणतील, आणि त्यात डॉक्टरही असतील, की घरी इंजेक्शन बनवणं धोक्याचं आहे, चूक होते, म्हणून रोज दवाखान्यात येऊनच घ्यावं. धोका आहे, मी नाकारत नाही. डोस डॉक्टरच ठरवतो, त्यात स्वतःच्या मनानं एक थेंबही कमीजास्त करायचा नाही. दुसऱ्या कुणाची उरलेली बाटली वापरायची नाही. डब्यातलंच पातळ औषध वापरायचं. विरघळल्यावर गढूळ दिसलं किंवा कण दिसले तर द्यायचं नाही, फोन करायचा. पोट फुगायला लागलं, दम लागला, लघवी कमी झाली, एकदम वजन वाढलं, तर तसंच निघून दवाखाना गाठायचा, कारण अंडाशय जास्त चाळवलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. यातलं आम्हाला आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

आणि थंडाव्याचं. काही औषधं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशात ठेवायची असतात, काहींच्या डब्यावर "२५ अंशाच्या खाली" असं असतं. पुण्याच्या एसी केबिनमध्ये ते लिहायला ठीक आहे. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो, रात्री घरातही पंचवीस कुठून आणायचं? एसटीत चार तास पिशवी मांडीवर घेऊन येताना त्या औषधाचं काय होतं? बर्फाची पिशवी लागते, ती औषधाला थेट चिकटवायची नाही, फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही, हे सांगायला किती वेळ लागतो?

पण "रोज दवाखान्यात या" हे उत्तर नाही. इथून सोलापूर लांब. रोज जाऊन येऊन मजुरी बुडवायची, तीही दहा-बारा दिवस. ज्याच्याकडं चारचाकी आहे त्याला जमेल. ऊसतोडीला जाणाऱ्याला, दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईला जमेल का? घरी देणं ही तिची हौस नाही, तोच तिचा एकमेव रस्ता आहे. मग त्या रस्त्यावर दिवा लावा, रस्ता बंद करू नका.

आणि हे तंत्र काही फक्त श्रीमंतांच्या खासगी दवाखान्यांची मिरास नाही. भारतातली पहिली शास्त्रीय नोंद झालेली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम रुग्णालयात जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून, महापालिकेच्या रुग्णालयात, आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांच्या साथीनं. म्हणजे जनतेच्या पैशातून. त्याच्याही आधी, १९७८ साली, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी ते करून दाखवलं होतं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढं केईएमच्या कामातलेच शास्त्रज्ञ डॉ. आनंद कुमार यांनी जाहीरपणे सांगितलं की पहिला मान मुखर्जींचा. इतकं सोसून, सरकारी दवाखान्यात रुजलेलं हे झाड. आज फळं मात्र ज्याच्या खिशात लाखभर आहेत त्यालाच. आयुष्मान योजनेत वंध्यत्वाचा उपचार बसत नाही. विमा काढला म्हणून बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. कायदा २०२१ साली आला, सेंटरांची नोंदणी आली, वयाची मर्यादा आली, बाईला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५. पण गरिबाचा खर्च कोण करणार, यावर कायदा गप्प. शेजारी गोव्यानं बांबोळीच्या सरकारी कॉलेजात मोफत सोय सुरू केली. गोव्याला जमतं ते महाराष्ट्राच्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात का जमू नये? सोलापुरात सिव्हिल आहे, मेडिकल कॉलेज आहे. मागणी तिथूनच सुरू करू.

नुसता राग काढून उठणार नाही. मागण्या लिहितो, पटल्या तर पुढं न्या.

एक, प्रत्येक सेंटरनं पिशवी देण्याआधी नवरा-बायको दोघांना समोर बसवून एकदा त्यांच्याच हातानं करून घ्यावं. सोबत मराठीत, चित्रांसकट कागद द्यावा. रात्री उचलला जाणारा एक नंबर द्यावा. इंजेक्शन रात्रीचं, मग फोन फक्त सकाळचा कसा?

दोन, ग्रामीण रुग्णालयात आणि आरोग्य केंद्रात, डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तर हे इंजेक्शन संध्याकाळी देऊन मिळावं किंवा शिकवून मिळावं. त्यासाठी नवं मशीन लागत नाही, आदेश लागतो. आणि आशाताईंना याचं प्रशिक्षण द्या, त्याचा वेगळा मोबदलाही द्या. फुकटात आणखी एक काम त्यांच्या गळ्यात मारू नका.

तीन, ग्रामपंचायतीनं वापरलेल्या सुयांसाठी डबा ठेवावा. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया-सिरिंजा घातक कचरा म्हणून लिहिलेल्या होत्या. आम्ही अकरा दिवसांच्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवल्या आणि पंढरपूरला ओळखीच्या दवाखान्यात नेऊन दिल्या. बाकीचे काय करतात? उकिरड्यावर. सकाळी तिथं कचरा उचलणारी बाई हात घालते. इन्सुलिनवाल्यांचाही हाच प्रश्न आहे, म्हणजे डबा सगळ्यांच्या कामाचा.

चार, सरकारी मेडिकल कॉलेजात परवडणारा उपचार. आमदार-खासदारांनी याच्यावर एकदा तरी सभागृहात तोंड उघडावं. लग्नात आहेर द्यायला येता, पाळण्याला येता, मग या मधल्या वर्षांत कुठं असता?

आणि शेवटी आपल्यासाठी. ओटी भरताना ज्या बाईला मागं सारता, तिच्या पोटावर त्या आठवड्यात दहा सुयांचे काळेनिळे डाग असू शकतात. बारशाला "तुमचं कधी?" असं ज्याला विचारता, तो त्या रात्री साडेआठला घरी पोचायला धडपडत असू शकतो. विचारायचंच असेल तर एवढं विचारा, "लाईट गेली तर इन्व्हर्टर हवाय का? आमच्या फ्रीजमध्ये जागा आहे." माझ्या शेजारच्या काकूंनी हेच विचारलं होतं. औषध चार दिवस त्यांच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी होतं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

आता खाली कमेंटमध्ये पहिला प्रश्न येणार, "मग झालं का मूल?" त्याचं उत्तर देणार नाही. झालं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा सुयांनी झालं. नसतं झालं तर म्हणाला असता, बघा पैसे पाण्यात. दोन्हीकडून विषय पुन्हा तिच्या पोटावर येतो. माझा विषय ती पिशवी, तो कागद, तो न उचललेला फोन आणि ते चहावरचं हसू हा आहे.

गावात कुणी आत्ता या दिवसांतून जात असेल आणि बाटली हातात घेऊन घाबरून बसलं असेल, तर मला मेसेज करा. मी डॉक्टर नाही, डोस सांगणार नाही. पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं बनवताना शेजारी बसेन, बॅटरी धरेन. हिनंही सांगितलंय, बाईमाणसाला बोलायचं असेल तर तिच्याशी बोला. नाव बाहेर जाणार नाही, विठ्ठलाची शपथ.