अँजिओप्लास्टीला पैसा, गोळीला नाही

कोलेस्टेरॉल हा खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांचा विकार, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात घट्ट रुजला आहे. प्रकार एकचा मधुमेह जडलेल्या शेतमजुराच्या मुलाला हा समज फार महागात पडतो. त्याची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते; यात त्याच्या खाण्याचा काडीमात्र दोष नाही. इन्सुलिन अपुरे पडले की साखरेबरोबर रक्तातील मेदही वाढतात. पुढे मूत्रपिंडे दुबळी झाली की त्यात भरच पडते. मग ऐन उमेदीच्या वयात हृदयविकार त्याला गाठतो.

हे अटळ आहे काय? मुळीच नाही. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाने १९९३ साली दाखवून दिले की, साखर काटेकोर ताब्यात ठेवल्यास नेत्रपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. त्याच रुग्णांच्या २००५ सालच्या पाहणीत हृदय व रक्तवाहिन्यांचे आघात ४२ टक्क्यांनी कमी आढळले. चाळिशीनंतर, आणि धोका अधिक असल्यास त्याआधीही, स्टॅटिनची गोळी देण्याची शिफारस वैद्यकशास्त्र करते. ही गोळी आता स्वस्त झाली आहे.

आणि शासन काय करते? २०१८ साली सुरू झालेली केंद्राची आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की तिजोरी उघडते. ती तुंबू नये म्हणून रोज लागणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या, मेदांची चाचणी आणि गोळी मात्र रुग्णाने मजुरीतून भागवावी! तिजोरीत पैसा नाही, ही सबब येथे टिकत नाही. पैसा खर्च होतोच. तो उशिरा होतो, अधिक होतो आणि त्यातला मोठा वाटा खासगी रुग्णालयांच्या पदरात पडतो. नुकसान मात्र कमावत्या माणसाचे आणि त्याच्या घराचे.

इन्सुलिनच्या शोधकांनी १९२३ साली आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. शतकानंतरही केवळ इन्सुलिनची बाटली हाती ठेवून शासनाने कर्तव्यपूर्तीचे समाधान मानावे, हे लांच्छनास्पद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिनबरोबर पट्ट्या, मेदांची व लघवीतील प्रथिनांची वार्षिक तपासणी आणि स्टॅटिन विनामूल्य मिळालेच पाहिजे. हा दानधर्म नव्हे. नागरिकाचा हक्क आहे.