वहीतले नाव आणि परलोकाचे दार

हरिद्वारच्या पंड्यांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या लांबलचक वह्या असतात. गाव आणि कूळ सांगितले की पणजोबांच्या हाताची नोंद निघते, हा अनुभव अनेक व्यापारी कुटुंबांनी घेतला आहे. जैन घराण्यांत हेच काम राजस्थानात भाटांनी व कुलगुरूंनी, तर गुजरातेत वहीवंचा बारोटांनी पिढ्यान् पिढ्या केले. परंतु १९७७ सालापासून हरिद्वारच्या या वह्यांची पाने मायक्रोफिल्मवर उतरवून घेण्याचे काम अमेरिकेतील यूटा राज्याच्या एका वंशावळी संस्थेने हाती घेतले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. कोणाच्या आजोबांचे नाव जपण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी एवढा खर्च का करावा? या प्रश्नाचे उत्तर इतिहासप्रेमात नाही. ते त्यांच्या परलोकविषयक श्रद्धेत आहे.

मॉर्मन या नावाने ओळखला जाणारा हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. पुढे १८४७ मध्ये त्याचे अनुयायी यूटाच्या ओसाड प्रदेशात, सॉल्ट लेक येथे जाऊन वसले. मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य, उत्पन्नाचा दशांश धर्मकार्याला, महिन्यातून एकदा उपवास आणि त्या दिवशी वाचलेल्या अन्नाचे मोल गरिबांना, हा त्यांचा आचार जैन वाचकाला परका वाटणार नाही.

त्यांच्या परलोककल्पनेच्या मुळाशी घरातलेच एक दुःख आहे. स्मिथ यांचा थोरला भाऊ ॲल्विन १८२३ मध्ये ऐन पंचविशीत वारला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि अंत्यविधीच्या प्रवचनात धर्मोपदेशकाने तो नरकात गेला असावा असे सुचवले. सज्जन, कष्टाळू मुलाविषयी असे ऐकून घेणे त्या घराला किती जड गेले असेल! १८३६ मध्ये स्मिथ यांनी आपल्याला दर्शनात ॲल्विन सर्वोच्च स्वर्गात दिसल्याचे सांगितले, आणि ऑगस्ट १८४० मध्ये मृतांच्या वतीने जिवंतांनी बाप्तिस्मा घेण्याचा विधी जाहीरपणे उपदेशिला.

या पंथाच्या मते आत्मा जन्मापूर्वीही असतो. त्याचे मूळ चैतन्य कोणी निर्माण केलेले नाही. अनादी जीवाच्या जैन सिद्धान्ताशी ही एक कडी आश्चर्यकारकरीत्या जुळते. मृत्यूनंतर आत्मा एका मधल्या लोकात थांबतो. तेथे सज्जनांसाठी विसाव्याची जागा आहे, तर इतरांसाठी एक प्रकारचा तुरुंग. मात्र त्या तुरुंगातही धर्मोपदेश पोहोचतो. पुढे सर्वांचे शरीरासह पुनरुत्थान होते आणि न्याय होऊन सूर्य, चंद्र व तारे यांच्या तेजाची उपमा दिलेल्या तीन लोकांपैकी एक वाट्याला येतो. हा तीन लोकांचा आराखडा फेब्रुवारी १८३२ च्या दर्शनातला आहे. कायमच्या अंधारात पडणारे अगदी मोजके. सर्वोच्च लोकातही पायऱ्या आहेत आणि अगदी वरच्या पायरीवर पतिपत्नी एकत्र पोहोचतात. म्हणून त्यांच्या मंदिरातील विवाह मरणाने तुटत नाही. पती, पत्नी व मुले यांच्या नात्यावर अनंतकाळासाठी शिक्कामोर्तब होते.

वरच्या लोकात जाण्यास बाप्तिस्मा आवश्यक. मग ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, त्या कोट्यवधी मृतांचे काय? त्यांचे वंशज मंदिरातील बारा बैलांच्या मूर्तींवर उभारलेल्या कुंडात, मृताचे नाव उच्चारून, स्वतः बुडी घेतात. यासाठी नाव हवे, जन्मस्थळ हवे, तारीख हवी. म्हणूनच १८९४ मध्ये यूटाची वंशावळी संस्था निघाली. सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात तिच्यासाठी कोरलेल्या तिजोरीत सुमारे २४ लाख मायक्रोफिल्म गुंडाळ्या जपल्या गेल्या. २०२१ मध्ये त्यांचे डिजिटल रूपांतर पूर्ण झाले. सोने नव्हे, नावे ठेवणारी ही तिजोरी!

महाराष्ट्राशी या पंथाचा पहिला संबंध फार जुना आहे. ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि लवकरच पुण्यात त्यांनी एक छोटी शाखा काढली. टीकाकारांना उत्तर देणारी त्यांची पुस्तिका १८५३ मध्ये मुंबईतच छापली गेली. मात्र त्याच सुमारास यूटामधील बहुपत्नीत्वाची जाहीर कबुली जगभर गाजत होती. तिच्या सावलीत परलोकाचा नकाशा कोण पाहणार? १८५५ पर्यंत फिंडले परतले आणि काम थंडावले. आज या पंथाचे भारतातील पहिले मंदिर बंगळुरूला होत आहे. त्याची घोषणा २०१८ ची असून भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले.

वाद उठतो तो संमतीवरून. नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंचे असे बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाल्यावर ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला, आणि १९९५ मध्ये पंथाने ही प्रथा थांबवण्याचे मान्य केले. अनुयायांनी आपल्याच पूर्वजांची नावे पाठवावीत असा नियमही आहे. तरी २०१२ मध्ये वृत्तपत्रांतून बातमी आली की महात्मा गांधींच्या नावानेही असा विधी झाला होता. पंथाचे म्हणणे असे की हा केवळ प्रस्ताव आहे. परलोकातील आत्मा तो स्वीकारू शकतो वा नाकारू शकतो. त्यांच्या शास्त्रात हे सुसंगत आहे आणि त्यामागचा हेतू दुष्ट नाही, हेही मान्य करावे लागेल.

परंतु गांधींच्या बाबतीत हे विशेष विचित्र वाटते. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती मित्र त्यांना आपल्या धर्माकडे ओढत असताना, १८९४ मध्ये, त्यांनी आत्मा, ईश्वर, मोक्ष व पुनर्जन्म यांविषयी २७ प्रश्न श्रीमद् राजचंद्रांना लिहून पाठवले होते. ज्या वर्षी यूटाची संस्था निघाली, तेच हे वर्ष. एका जैन जवाहिऱ्याच्या उत्तरांनी त्यांचे मन स्थिरावले. ज्याने हयातीत एवढी चौकशी करून निर्णय घेतला, त्याला मृत्यूनंतर पुन्हा तोच प्रश्न विचारणे म्हणजे बंद झालेल्या खात्यावर नवा अर्ज भरणे होय. व्यवहाराच्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. येथे मात्र मुखत्यारी मृत्यूनंतरच सुरू होते, तीही न दिलेली.

जैन दृष्टी या ठिकाणी निःसंदिग्ध आहे. देवलोक अनेक आहेत, नरकभूमी सात आहेत. पण त्यांतील एकही मुक्काम कायमचा नाही. देह सुटल्यावर जीव काही समयांतच नवा जन्म घेतो. वाटेत कोणाची वाट पाहत थांबत नाही. म्हणूनच शास्त्रात पिंडाला वा श्राद्धाला स्थान नाही. बारा भावनांतील एकत्व भावना सांगते की जीव एकटा येतो, एकटा जातो. अनंतकाळ टिकणारे कुटुंब ही कल्पना कितीही गोड असली तरी या हिशेबात बसत नाही.

तरीही धर्मशाळांच्या भिंती ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशा पाट्यांनी भरलेल्या असतातच. ते पुण्य कोणाच्या खाती जमा होते, हे देणाऱ्यांपैकी किती जण विचारतात? सिद्धान्ताप्रमाणे ते देणाऱ्याच्याच खाती. गेलेल्या जीवाने ती पाटी वाचण्याची शक्यता नाही. मायेला मात्र सिद्धान्त पुरत नाही. ॲल्विनच्या घरातही तो पुरला नव्हता.

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते. डोंगराच्या पायथ्याशी वारली कुटुंबे लोटतात आणि परिसरातील व्यापाऱ्यांचाही तो हंगाम असतो. वारली घरांत वंशावळीची वही नाही. नव्या धान्यात देवांबरोबर पूर्वजांचा वाटा काढला की त्यांची आठवण होते. काउंटरच्या या बाजूला, उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांची नावे सापडतील. दुकानदाराच्या स्वतःच्या पणजीचे नाव मात्र घरात कोणाला सांगता येईलच असे नाही. बारोट येणे अनेक घरी बंद झाले आहे. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली, आणि जुन्या वह्यांत सुनांची, मुलींची नावे मुळातच कमी. ज्यांच्या माजघरात अशी वही अजून शिल्लक आहे, त्यांनी या दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी ती बाहेर काढून वाळवी लागली आहे का एवढे पाहावे, आणि आजीला विचारून राहिलेली नावे शाईने भरून घ्यावीत.