तळपायावरचा काळा डाग आणि शस्त्रक्रियेची वेळ

मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग उन्हाचा आणि गोऱ्या कातडीचा आजार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. भारतात तो दुर्मीळ आहे हे खरे. मात्र येथे तो होतो तेव्हा बहुधा ऊन न लागणाऱ्या तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. ‘अ‍ॅक्रल मेलानोमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराने जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये अवघ्या ३६व्या वर्षी दगावला. चार वर्षांपूर्वीच निदान होऊनही पायाचा अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्याने मानला नव्हता.

या रोगात गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे, यावर रुग्णाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात ठरते. अमेरिकेतील १९८६ ते २००५ या काळातील नोंदींनुसार अ‍ॅक्रल मेलानोमाचे सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. त्वचेच्या सर्व मेलानोमांत हे प्रमाण ९१ टक्के होते. या तफावतीचे एक मोठे कारण उशिरा होणारे निदान हेच आहे.

शस्त्रक्रिया हा आजही उपचाराचा कणा आहे, परंतु तिचे स्वरूप पालटले आहे. एकेकाळी गाठीभोवतीची पाच सेंटीमीटर निरोगी त्वचाही कापली जाई; आता खोलीनुसार एक ते दोन सेंटीमीटर पुरेशी मानतात. रोग सूक्ष्म प्रमाणात लसिकाग्रंथीत पोहोचल्यास त्या भागातील सर्व ग्रंथी काढण्याची प्रथा होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले, की त्यामुळे तीन वर्षांचे जीवितमान वाढत नाही. दोन्ही गटांत ते ८६ टक्केच राहिले. उलट, हातापायाला सूज येण्याचे प्रमाण मात्र ६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले.

आता प्रश्न वेळेचा आहे. ग्रंथींत उघडपणे पसरलेल्या मेलानोमात शस्त्रक्रियेआधीच प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे दिल्यास रोग उलटण्याचा धोका घटतो, असे २०२३ व २०२४ मधील दोन चाचण्यांनी दाखवले. दुसऱ्या चाचणीत वर्षभर रोगाने डोके वर न काढलेले रुग्ण सुमारे ८४ टक्के होते; आधी शस्त्रक्रिया झालेल्या गटात ५७ टक्के. तथापि अ‍ॅक्रल मेलानोमा या औषधांना तुलनेने कमी दाद देतो, आणि त्यांचा खर्च लाखोंच्या घरात जातो. त्यामुळे आपल्याकडील रुग्णाला खरा आधार लवकर निदानाचाच आहे.

नेमके तेथेच घोडे अडते. तळपायावरचा काळा डाग कुरूप किंवा रुतलेला काटा समजून ब्लेडने तासला जातो. नखाखालची काळी रेघ ठेच लागल्याची खूण ठरते. डाग वाढत असेल, त्याचा रंग एकसारखा नसेल, त्यातून रक्त येत असेल किंवा नखाची रेघ रुंदावून शेजारच्या त्वचेवर उतरत असेल, तर बायोप्सीला पर्याय नाही.

गोव्यात याची सोय नव्याने उभारावी लागणार नाही. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, याच राज्यात आढळले. मधुमेहींचे पाय नियमित तपासणे आवश्यकच असते. त्याच वेळी तळवा आणि नखे काळ्या डागासाठी न्याहाळण्याची सवय प्राथमिक आरोग्य केंद्रांनी लावून घेतली, तर खर्च जवळजवळ काहीच येणार नाही. दुर्मीळ रोगासाठी स्वतंत्र मोहीम परवडत नाही. त्यावर नजर ठेवणे मात्र परवडते.