घड्याळाचे जन्मवर्ष

आपल्या सीमाभागातील कित्येक घरांत कपाटाच्या आतल्या कप्प्यात एखादे जुने स्विस घड्याळ जपून ठेवलेले असते. घड्याळाबरोबर त्याची कथाही वारसाहक्काने येते. ‘आजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणले’, ‘पणजोबांना लग्नात मिळाले’ असे सांगितले जाते. पुढे वाटणीची वेळ आली, अथवा गिऱ्हाईक दारी आले, म्हणजे मात्र नेमके वर्ष कोणते, हा प्रश्न उभा राहतो. एकीकडे किंमत, दुसरीकडे वडीलधाऱ्यांचा शब्द! अशा वेळी पुरावा कसा तपासावा, हे ठाऊक असणे बरे.

हे काम जुन्या पोथीचा काळ ठरविण्यासारखेच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, एकनाथांनी ती शुद्ध केली शके १५०६ मध्ये, आणि आपल्या हाती असलेली प्रत त्याहूनही नंतरची असू शकते. रचना, संस्करण आणि प्रत यांचे काळ वेगळे असतात. घड्याळातही तबकडी, केस आणि आतील मशीन या तिघांची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

तबकडीवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. आपल्याकडे डागाळलेली तबकडी पुन्हा रंगवून घेण्याची चाल फार जुनी आहे. त्या रंगकामात नावाचे वळण बदलते, कधी मूळची अक्षरे गळतात, कधी नसलेली येतात. तबकडी मूळची असेल तर मात्र ती बरेच सांगते. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी सुमारे १९६० पर्यंत रेडियम वापरीत. पुढे ट्रिटियम आले, आणि तळाच्या ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंस ‘टी’ हे अक्षर दिसू लागले. रेडियमची चमक मावळली तरी त्याचा किरणोत्सर्ग शतकानुशतके टिकतो. म्हणून असले आकडे घरी खरवडू नयेत.

मशीनची साक्ष अधिक भरवशाची. ओमेगाच्या मशीनवर अनुक्रमांक कोरलेला असतो. एक कोटीचा आकडा सुमारे १९४४ साली, तर दीड कोटीचा १९५६ च्या आसपास गाठला गेला. मागच्या झाकणाच्या आत असतो तो बहुधा नमुन्याचा क्रमांक. तो अनुक्रमांक समजून वर्ष काढल्यास हिशेब चुकतो. रोलेक्सचा अनुक्रमांक पट्टा जोडण्याच्या दोन शिंगांमध्ये, सहाच्या बाजूस असतो. दहा लाखांच्या जवळ पोहोचल्यावर १९५४ च्या सुमारास तो पुन्हा लहान आकड्यांपासून सुरू झाला, हे विसरता कामा नये. सँ-इमिए येथील लॉन्जिन्स कंपनीच्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांवरून मूळ विक्रीची तारीख कळू शकते. तीही कंपनीने व्यापाऱ्यास माल पाठविल्याची तारीख होय, आजोबांनी घड्याळ घेतल्याची नव्हे.

सोन्याच्या वा चांदीच्या केसवर इंग्लंडचे छाप असतील, तर त्यांतील एक अक्षर वर्षाचे असते. परंतु ते केसचे वर्ष झाले. मशीन दुसऱ्या घड्याळातून आणून बसविलेले असू शकते.

आता आपल्या मुलखातील उदाहरण पाहू. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. त्या मोहिमेत वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे सैनिकांत बरीच प्रचलित होती, आणि तिच्या तबकड्यांवर मुंबई आणि कलकत्ता ही नावे असत. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. तेव्हा येथील एखाद्या घरात असे घड्याळ निघणे नवलाचे नाही. समजा, त्याच्या मशीनवर ‘इन्काब्लॉक’ हा शब्द आढळला. धक्का सोसणारी ही रचना १९३० नंतरच्या दशकातील आहे. अर्थात ते मशीन १९१८ पूर्वीचे असूच शकत नाही. झाकणावर ‘जी एस टी पी’ ही अक्षरे असतील, तर ते सैन्याच्या सामान्य वापरासाठी दिलेले, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचे खिशातले घड्याळ होय.

मग आजोबा खोटे बोलले काय? तसा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मोहिमेवरचे घड्याळ बिघडले असेल, पुढे निवृत्तिवेतनातून दुसरे घेतले असेल, आणि घरच्या बोलण्यात दोन्ही एकच होऊन गेली असतील. घड्याळाने एवढेच सिद्ध होते की, हे मशीन त्या युद्धातले नव्हे. आजोबा तेथे होते की नव्हते, ते त्यांच्या सैन्यातील कागदपत्रांवरूनच ठरेल.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. खडेबाजारात वा अन्यत्र घड्याळ दुरुस्तीस देताना अनुभवी घड्याळजीकडून ते आपल्यासमोर उघडून घ्यावे. मशीनवरील, झाकणावरील आणि केसवरील प्रत्येक अक्षर आणि अंक उतरवून घ्यावा, छायाचित्रही काढावे. पूर्वीचे कारागीर झाकणाच्या आत सुईने बारीक खुणा करीत, क्वचित तारीखही घालीत. त्या तारखेला घड्याळ अस्तित्वात होते, एवढे तरी तिने पक्के होते. तबकडी रंगवू नये, केसला पॉलिश करू नये. छाप एकदा झिजले की पुन्हा उमटत नाहीत. आणि घरातील वृद्धांनी सांगितलेली हकीकत त्याच कागदावर, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह लिहून ठेवावी. पुढील पिढीस दोन्ही पुरावे शेजारी शेजारी मिळतील.