लपवणे आणि जपणे

देहूच्या इंद्रायणीशी कागदांच्या दोन कथा जोडलेल्या आहेत. तुकाराम महाराजांचे घराणे व्यापार-सावकारीचे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी घरातील कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते नदीत सोडली, असे परंपरा सांगते. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच डोहात गेल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अभंग टिकण्यास आणखी एक आधार होता. चाकणचे संताजी जगनाडे हे तेलाचा व्यवसाय करणारे गृहस्थ. त्यांनी अभंग उतरवून ठेवले होते. त्यांच्या वह्यांवरूनच वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला.

या दोन कथांत कागदपत्रांविषयीचा सारा विवेक सामावला आहे. जे नष्ट व्हायला हवे ते पूर्णपणे नष्ट व्हावे आणि जे टिकायला हवे त्याची प्रत अन्यत्र असावी. आज देहू-चाकण पट्ट्यातील दुकानदाराची वही संगणकात आहे. बहुधा तो संगणक जुनाच असतो. मुलाला नवा लॅपटॉप मिळतो आणि जुने यंत्र घरच्या पेढीवर येते. त्यावर दिवसा हिशेब लिहिले जातात, सायंकाळी नातवंडे खेळ खेळतात, कधी कारखान्यातील ओळखीचा तंत्रज्ञ येऊन दुरुस्ती करतो. अशा यंत्रातील उधारीची यादी, आधार-पॅनच्या प्रती आणि मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेचा तपशील कोणाकोणाच्या दृष्टीस पडतो, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

लपवणे, कुलूप लावणे, सांकेतिक करणे आणि जपणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की खोटा निर्धास्तपणा येतो.

पहिली गोष्ट लपवण्याची. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘हिडन’ या चौकटीत खूण करावी. फोल्डर दिसेनासा होतो. परंतु विंडोज १० मध्ये वरच्या ‘व्ह्यू’ या भागात ‘हिडन आयटम्स’वर खूण केली की तो पुन्हा समोर येतो. विंडोज ७ मध्येही ‘फोल्डर ऑप्शन्स’मधून हेच करता येते. ही युक्ती म्हणजे दारावर टाकलेला पडदा. लहान मुलाच्या हातून फाईल चुकून पुसली जाऊ नये, एवढ्यापुरता तिचा उपयोग आहे. फाईलचे नाव बदलून ती गाण्यांच्या फोल्डरमध्ये ठेवणे हाही पडदाच.

दुसरी गोष्ट कुलपाची. घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र ‘युजर अकाउंट’ असावे. हिशेब पाहणाऱ्याचे खाते पासवर्डसह ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ आणि इतरांची ‘स्टँडर्ड’ असावीत. तेव्हा एका खात्याचे ‘डॉक्युमेंट्स’ दुसऱ्या स्टँडर्ड खात्यातून उघडत नाही. येथे एक चूक बहुतेक घरांत आढळते. विंडोज पुन्हा भरावे लागले तर ‘सी’ ड्राइव्ह पुसला जातो, म्हणून महत्त्वाचे सारे ‘डी’ ड्राइव्हवर ठेवले जाते. हेतू चांगला, पण ‘डी’ ड्राइव्ह सहसा सर्व खात्यांना खुला असतो. शिवाय हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर विंडोजचा पासवर्ड विचारलाच जात नाही.

म्हणून तिसरी गोष्ट, सांकेतिक लेखनाची. सेव्हन-झिप हे मोफत साधन जुन्या यंत्रावरही चालते. फोल्डर ‘सेव्हन-झेड’ प्रकारात बांधताना पासवर्ड द्यावा आणि फाइलींची नावेही सांकेतिक करण्याच्या पर्यायावर खूण करावी. अन्यथा आतील मजकूर झाकला तरी नावे बोलकी राहतात. गठ्ठा नीट उघडतो याची खात्री झाल्यावरच मूळ फोल्डर पुसावा आणि ‘रिसायकल बिन’ रिकामी करावी. एक्सेलची फाईल उघडण्यासाठी पासवर्ड ठेवायचा असेल तर ती २००७ नंतरच्या नव्या प्रकारात जतन करावी. जुन्या प्रकाराचे संरक्षण दुबळे आहे. ‘प्रोटेक्ट शीट’ हे केवळ चुकून होणारे बदल रोखण्यासाठी आहे, गुप्ततेसाठी नाही. टॅली वापरणाऱ्यांसाठी ‘टॅली व्हॉल्ट’ची सोय आहे. मात्र त्याचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवता येत नाही.

येथेच चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. कुलूप जितके भक्कम, तितकी किल्ली हरवण्याची हानी मोठी. घरातील एकट्या कर्त्या पुरुषालाच पासवर्ड ठाऊक असेल आणि तो अकस्मात गेला, तर मागे राहिलेल्यांना देणेही कळत नाही आणि येणेही कळत नाही. उधारी बुडते ती अशी. पूर्वी तिजोरीची किल्ली कोठे आहे हे घरातील किमान दोघांना माहीत असे. तीच रीत येथे पाळावी. पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून कपाटात ठेवावा आणि पत्नीला किंवा जाणत्या मुला-मुलीला त्याची जागा सांगावी.

प्रतीचे महत्त्व मे २०१७ मध्ये जगाला कळले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने असंख्य संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. त्याला लपवलेला फोल्डर आणि उघडा फोल्डर सारखेच. विंडोज ७ चे सुरक्षा-साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुने यंत्र हिशेबासाठीच ठेवायचे असेल तर ते शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवावे. दर आठवड्याला सांकेतिक गठ्ठ्याची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि काम होताच डिस्क काढून ठेवावी. जोडून ठेवलेली प्रतही त्याच संकटात सापडते. एक प्रत दुसऱ्या घरी, विश्वासू नातलगाकडे असावी.

या साऱ्याचा हेतू घराची मर्यादा राखणे हा आहे; कायद्यापासून दडवणे हा नव्हे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. पासवर्ड विसरलो, ही त्यावर सबब होत नाही. उधारीच्या यादीत दुसऱ्याची अडचणही लिहिलेली असते. ती चव्हाट्यावर येऊ न देणे हा व्यापाऱ्यावरील विश्वासाचा भाग आहे.

आणि शेवटी, जे नष्ट करायचे त्याविषयी. जुना संगणक भंगारात देताना फाइली पुसणे किंवा झटपट ‘फॉरमॅट’ मारणे पुरेसे नसते. मजकूर डिस्कवर बराच काळ शिल्लक राहतो आणि साध्या साधनांनी परत काढता येतो. चार स्क्रू काढून हार्ड डिस्क घरी ठेवावी आणि मगच पेटी द्यावी. डिस्क नकोच असेल तर आतील चकत्या भोके पाडून निकामी कराव्यात. चाकण परिसरात असे काम करून देणारा वर्कशॉप शोधावा लागत नाही.