डोळे सुजले तर आधी लघवी तपासा

सकाळी नळावर एखादी बाई सुजलेल्या डोळ्यांनी आली की वस्तीत दोनच अंदाज बांधले जातात. रात्रभर रडली असेल, नाहीतर घरात भांडण झाले असेल. मेडिकलवाला काही विचारत नाही, क्रीमची ट्यूब पुढे करतो. आधी वॉर्डात नर्स म्हणून आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे खूप पाहिले. आमचे म्हणणे एवढेच आहे की डोळ्यांची सूज हसण्यावारी नेऊ नका आणि क्रीमखाली झाकूही नका. ती कशामुळे आली, हे आधी ओळखा.

डोळ्यांभोवतीची कातडी फार पातळ असते आणि तिच्या खालचा भाग सैल असतो. अंगात पाणी साठले की ते अनेकदा पहिल्यांदा तिथे दिसते. रात्रभर आडवे झोपल्यावर हे पाणी डोळ्यांभोवती जमते. आपण उठून कामाला लागलो की ते खाली उतरते. म्हणून सकाळी सूज जास्त आणि दुपारी कमी दिसते.

बऱ्याचदा कारण साधे असते. जागरण, रडणे किंवा जेवणातले मीठ. मीठ म्हणजे फक्त आमटीतले नव्हे. पापड, लोणचे, खारवलेले सुके मासे, फरसाण, वेफर्स यांतूनही ते पोटात जाते. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्रीच्या जेवणात खारट पदार्थ टाळा. झोपताना उशी थोडी उंच घ्या. सकाळी स्वच्छ फडके थंड पाण्यात भिजवून, पिळून १० मिनिटे डोळ्यांवर ठेवा. काकडी-बटाट्याच्या चकत्या जे करतात ते गारव्यामुळे, आणि तो गारवा फडक्यातूनही मिळतो. त्यासाठी भाजी वाया घालवू नका.

डोळ्यांना खाज असेल, पाणी येत असेल, शिंका येत असतील तर धूळ, धूर किंवा काजळाची ॲलर्जी असू शकते. केस काळे केल्यावर एक-दोन दिवसांत पापण्या सुजल्या तर तो रंग पुन्हा लावू नका. वय वाढते तशी पापणीखालची चरबी पुढे येऊन पिशव्या दिसतात. तो आजार नाही आणि त्या कोणत्याही क्रीमने जात नाहीत.

पण सूज रोज सकाळी येत असेल, पायांवर आणि पोटावरही दिसत असेल, लघवीला फेस येत असेल, तर घरगुती उपाय थांबवा. एका वस्तीतल्या चार वर्षांच्या मुलाचे डोळे रोज सकाळी सुजायचे. जवळच्या दवाखान्यात ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब दिले. दोन आठवडे थेंब चालले. चड्डीचे इलॅस्टिक पोटावर रुतू लागले, तेव्हा आईला वाटले पोर अंग धरतेय. शेवटी लघवी तपासली आणि तिच्यातून भरपूर प्रथिने जात असल्याचे कळले. तो नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाचा आजार होता. लहान मुलांत तो दिसतो आणि वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक मुले सुधारतात. यात आईची चूक आम्ही मानत नाही. ‘लघवी कशी होते?’ हा प्रश्न थेंब लिहून देणाऱ्याने विचारायला हवा होता. लघवीत एक पट्टी बुडवायची आणि तिचा रंग बघायचा, एवढीच ती पहिली तपासणी. तिला काही मिनिटे लागतात.

आता त्या क्रीमबद्दल. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात डॉक्टरांना मूत्रपिंडाचा एक विशिष्ट आजार झालेले रुग्ण सापडू लागले. त्यांतले बरेच जण गोरे करणारी क्रीम वापरत होते. तपासलेल्या क्रीममध्ये पारा भरपूर निघाला. पारा कातडीतून अंगात जातो, मूत्रपिंड बिघडवतो, आणि मग तोंडावर आणि पायांवर सूज येते. म्हणजे चेहरा उजळावा म्हणून घेतलेल्या डबीनेच चेहरा सुजतो. आपल्याकडे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे, तरी असा माल बाजारात मिळतो. कंपनीचा पत्ता आणि घटकांची यादी नसलेली, आठवड्यात गोरे करते म्हणणारी डबी घरात आणू नका. आमच्या मुलींना आम्ही स्पष्ट सांगतो, सावळा रंग हा आजार नाही. त्याला औषध नको.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. चेहरा सुजट, सतत थकवा, बद्धकोष्ठ, वाढते वजन, पाळीत बदल असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करा. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर तोंड सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासा. एकच डोळा लाल, गरम, दुखरा झाला, ताप आला, बुबुळ हलवताना दुखले किंवा कमी दिसू लागले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क केलेले आहेत. ती कुणाची मेहरबानी नाही, आपला हक्क आहे. म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात फक्त थेंब किंवा ट्यूब हातात दिली तर उठू नका. ‘लघवी तपासा, बीपी बघा,’ असे म्हणा. एकटीला बोलायला संकोच वाटला तर शेजारणीला सोबत न्या. आणि नळावर कुणाचे डोळे सुजलेले दिसले, तर ‘का रडलीस?’ याच्या आधी ‘किती दिवस झाले गं?’ असे विचारा.