आईची दिवाळी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, ऐन दिवाळीत, भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी बिऱ्हाडे इकडे आली. सोबत चकलीचा सोऱ्याही आला! चकल्या, करंज्या, लाडू, चिवडा आणि तीन दिवस तांदूळ भिजवून अनारसे, सगळे घरीच व्हायला हवे, हा दंडक आमच्याकडे अजून चालतो. आई रात्र रात्र कढईपुढे, आणि पाडव्याला कंबर धरून अंथरुणात. याला सण म्हणायचे का? माझे मत विचाराल तर शेजारच्या चार घरांनी एकेक पदार्थ वाटून घ्यावा. करंज्या लाटायला आम्ही मुलांनीही बसावे. चिवडा बाजारातून आणला म्हणून लक्ष्मी काही रुसत नाही. तेवढ्याने आईची एक संध्याकाळ मोकळी झाली, तर मोठ्या तलावाकाठचे दिवे तिलाही पाहता येतील.